चिठ्ठी कां ठेवली नाहीं ?

गेल्या पावसाळ्यांत एका रात्रीं एका स्नेह्यांच्या घरीं आम्ही सातआठ जण ‘इट् हॅपन्ड वन् नाइट्’ हा जुना अमेरिकन बोलपट पाहावयास बसलों होतों. बोलपट १९३४ सालचा. पाहणारांत विशी न उलटलेल्या मुलीपासून ऐंशीच्या घरांतील आजीबाईंपर्यंत सर्व वयांचीं माणसें होतीं. पावणेदोन तास सर्वांनीं मनसोक्त हसून घेतलें, आणि बोलपट संपतो न संपतो तोंच वाद सुरू झाला. हा वाद नटनटींच्या रूपाविषयीं नव्हता, कीं अभिनयाविषयींहि नव्हता. तो होता एका चिठ्ठीविषयीं; आणि मौज अशी कीं, ती चिठ्ठी बोलपटांत कोठेंच नाहीं. “रात्रीं तिला झोंपलेली ठेवून हा गृहस्थ खुशाल निघून जातो, तर उशाशीं चार ओळी लिहून ठेवावयास ह्याचें काय जात होतें ?” असा प्रश्न आमच्या यजमानांनीं केला. हे गृहस्थ वकील आहेत. त्यांच्या मातोश्री म्हणाल्या, “अरे, चिठ्ठी ठेवली असती तर पुढचा सिनेमा कुठला ?” त्यावर त्यांची नात उसळून म्हणाली, “आजी, मी तेंच तर म्हणतें ! म्हणजे लिहिणाऱ्याची सोय व्हावी म्हणून त्याला मूर्ख बनवलें.” पुढें तासभर त्या न लिहिलेल्या चिठ्ठीचा खल चालला होता.

एखाद्या हलक्याफुलक्या प्रेमकथेचें संविधानक पटतें कीं नाहीं, ह्यावर शहाण्यासुरत्या माणसांनीं भांडत बसावें, हें कित्येकांस पोरकटपणाचें वाटतें. करमणुकीसाठीं रचलेली गोष्ट. तिच्यांत तर्कशास्त्र कशाला शोधावें, असें ते म्हणतात. उलट दुसरा पक्ष असा कीं, तर्काच्या कसोटीस न उतरणारी गोष्ट ती गोष्टच नव्हे. प्रस्तुत लेखकास हे दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. ह्या वादाचा इतिहास फार जुना आहे, आणि तो लक्षपूर्वक पाहिला असतां असें दिसून येतें कीं, ‘हें शक्य नाहीं’ असें प्रेक्षक जेव्हां तावातावानें म्हणतो, तेव्हां तो बहुधा शक्याशक्यतेविषयीं बोलतच नसतो. हें विधान उघड करून दाखवावें एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम, ज्यांनीं हा बोलपट पाहिला नसेल त्यांच्यासाठीं त्याची कथा थोडक्यांत सांगितली पाहिजे. एली अँड्र्यूज ही एका कोट्यधीश बापाची लाडावलेली एकुलती मुलगी. किंग वेस्टली नांवाच्या एका षोकी वैमानिकाशीं तिनें बापाच्या मर्जीविरुद्ध लग्न उरकलें आहे. बाप तिला फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर आपल्या नौकेंत अडकवून ठेवतो. ती समुद्रांत उडी घेऊन निसटते आणि न्यूयॉर्कला जाणारी रात्रीची बस पकडते. बसमध्यें तिची गांठ पीटर वॉर्न ह्या नुकतीच नोकरी गमावलेल्या बातमीदाराशीं पडते. तिची हकीकत आपणांस एकट्यालाच छापावयास मिळावी, एवढ्या बोलीवर तो तिला नवऱ्याकडे पोंचविण्याचें पत्करतो. पैसे थोडे, म्हणून दोघांस एकाच खोलींत रात्र काढावी लागते. तेव्हां पीटर मध्यें एक दोरी बांधून तिच्यावर घोंगडी टाकतो, आणि ह्या पडद्यास बायबलांतील कथेवरून ‘जेरिकोची भिंत’ असें नांव देतो. भांडतां भांडतां दोघांचें मन एकमेकांवर जडतें.

आतां ती वादाची रात्र. न्यूयॉर्क अवघें तीन तासांच्या अंतरावर राहिलें आहे. तरीहि आज रात्रीं येथेंच मुक्काम करूं असा एली हट्ट धरते. मोटारप्रवाशांसाठीं बांधलेल्या एका खोलींत दोघें उतरतात. रात्रीं एली घोंगडीच्या पलीकडून येते आणि आपलें प्रेम बोलून दाखविते. पीटर गोंधळतो, आणि तिला आपल्या जागीं परत जावयास सांगतो. ती रडत रडत झोंपी जाते. थोड्या वेळानें तो हळूच विचारतो, ‘तूं म्हणालीस तें मनापासून म्हणालीस का ?’ पण ऐकावयास ती जागी नसते. रिकाम्या खिशानें लग्नाची मागणी कशी घालावयाची, ह्या विचारानें तो तसाच निघतो. वाटेंत पेट्रोलसाठीं आपली बॅग व टोपी देऊन टाकतो. न्यूयॉर्कला संपादकास गांठून आपल्या दोघांच्या प्रेमाची बातमी त्याला एक हजार डॉलरांस विकतो, आणि ती उठण्यापूर्वीं पोंचावें म्हणून उलट पावलीं परत फिरतो. इकडे खोल्यांच्या मालकिणीस मोटार दिसत नाहीं. ती एलीला उठवून, तुझा माणूस पळाला, असें सांगते, आणि पैसे नसल्यामुळें तिला बाहेर काढते. एली बापाला फोन करते. बापाच्या मोटारींचा ताफा तिला घेऊन शहराकडे चालला असतां समोरून पीटर आनंदानें गात येत असतो. शेवटीं अर्थात् सर्व गैरसमज फिटतात आणि घोंगडी खालीं पडते. पण तोंवर एक दुसरें लग्न थेट वेदीपर्यंत येऊन ठेपलेलें असतें.

आमच्या मंडळींनीं ह्या कथेंत काय काय सहज मान्य केलें, तें पाहण्यासारखें आहे. जिचीं छायाचित्रें सर्व वृत्तपत्रांत झळकलीं आहेत आणि जिच्या शोधासाठीं दहा हजार डॉलरांचें बक्षीस लागलें आहे, ती मुलगी सार्वजनिक बसमधून प्रवास करीत असतां बहुतेकांस ओळखूं येत नाहीं; हें कोणास खटकलें नाहीं. बातमीच्या शोधांत असावा असाच मनुष्य नेमका तिच्या शेजारच्या जागेवर यावा, ह्यालाहि कोणीं हरकत घेतली नाहीं. पीटरची मोटार आणि बापाच्या मोटारी नेमक्या त्याच रस्त्यावर, नेमक्या त्याच क्षणीं समोरासमोर याव्या, हा तर योगायोगाचा कळस. पण त्यावर सर्व जण हळहळले, आक्षेप कोणींच घेतला नाहीं. गणिताच्या दृष्टीनें ह्या गोष्टी चिठ्ठी न ठेवण्यापेक्षां कितीतरी पटींनीं दुर्घट आहेत. घाईंत निघालेला मनुष्य चिठ्ठी ठेवावयास विसरतो, हें तर जगांत रोज घडतें. मग दुर्घट तें पचलें आणि सुघट तें घशांत अडकलें, हें कसें ?

ह्या कोड्याचा पहिला धागा अॅरिस्टॉटलनें दोन हजार वर्षांपेक्षांहि पूर्वीं दाखवून ठेविला आहे. ‘काव्यशास्त्र’ ह्या ग्रंथांत तो म्हणतो कीं, कवीनें अशक्य पण पटणारें तें पत्करावें, शक्य पण न पटणारें टाळावें. तर्कास न मानवणारी गोष्ट कथेंत आणणें भागच असेल, तर ती कथेच्या बाहेर, म्हणजे पडदा वर जाण्यापूर्वीं घडलेली असावी, असेंहि तो सांगतो, आणि त्यासाठीं ईडिपसचें उदाहरण देतो. आपल्या आधींच्या राजाचा वध कसा झाला, ह्याची ईडिपसनें इतकीं वर्षें चौकशी केली नाहीं, हें विचित्रच. परंतु तें नाटकाच्या आधींचें आहे, म्हणून चालून जातें. एली आणि पीटर एकाच बसमध्यें चढले ही गोष्ट अशाच प्रकारची होय. ती कथेची बैठक आहे. ती मान्य केल्यावांचून खेळ सुरूच होत नाहीं. चिठ्ठीचा प्रश्न मात्र मध्यावर, ऐन भरांत येतो. पण केवळ जागेच्या फरकानें हें कोडें पुरतें सुटत नाहीं; कारण मोटारींची ती गांठहि मध्यावरच पडते, आणि ती कोणास खटकत नाहीं. तेव्हां दुसरा धागा शोधला पाहिजे, आणि तो सांपडतो सतराव्या शतकांतील फ्रान्समध्यें.

१६३७ च्या जानेवारींत कोर्नेयचें ‘ल सीद’ हें नाटक पॅरिसमध्यें रंगभूमीवर आलें. तें प्रहसन नव्हे. पण त्याचा कणा प्रेमकथेचाच आहे. रॉद्रीग हा तरुण बापाच्या अपमानाचा सूड म्हणून आपल्या प्रेयसीच्या, शिमेनच्या, बापास द्वंद्वांत ठार मारतो. शिमेन राजाकडे न्याय मागते, पण तिचें प्रेम सरत नाहीं. आणि अखेरीस, वर्षभरानें तिनें त्याच्याशीं लग्न करावें असें राजा ठरवितो. प्रेक्षकांनीं नाटक डोक्यावर घेतलें. पंडितांनीं मात्र त्यावर झोड उठविली. स्क्युदेरी ह्या नाटककारानें आक्षेपांची पुस्तिका काढली, आणि कार्डिनल रिशेल्यूच्या इच्छेवरून दोनच वर्षांपूर्वीं स्थापन झालेल्या फ्रेंच अकादमीस ह्या नाटकावर निवाडा द्यावा लागला. तो मुख्यतः शाप्लँ ह्या विद्वानानें लिहिला. त्यांतील मौजेचा भाग असा : असें लग्न इतिहासांत झाल्याचें सर्वांस मान्य होतें, तरीहि तें ‘संभाव्य’ नाहीं असें अकादमीनें म्हटलें. जें खरोखर घडलें, तें असंभाव्य कसें ? ह्याचें उत्तर निवाड्याच्या पोटांतच आहे. बापाच्या मारेकऱ्याशीं लग्न करण्यास सुशील मुलीनें तयार होऊं नये, एवढाच त्या ‘असंभाव्य’ शब्दाचा अर्थ होता. शब्द शक्यतेचा वापरला. न्याय मात्र शीलाचा केला.

चाळीस वर्षांनीं हाच प्रकार पंडितांच्या मंडळाबाहेर, सामान्य वाचकांमध्यें घडला. १६७८ सालीं ‘क्लेव्हची राजकन्या’ ही कादंबरी लेखिकेच्या नांवावांचून प्रसिद्ध झाली. ती मादाम द ला फायेत हिची, हें आज सर्वमान्य आहे. तींतील नायिका विवाहित आहे. परपुरुषावर आपलें मन गेलें आहे, हें जाणून ती तें प्रत्यक्ष पतीलाच सांगते, आणि आपणांस दरबारापासून दूर राहूं द्यावें अशी विनवणी करते. हा कबुलीजबाब चालला असतां ज्याच्यावर तिचें मन गेलें तोच पुरुष जवळ लपून सर्व ऐकत असतो. ‘मर्क्यूर गालाँ’ ह्या नियतकालिकानें आपल्या वाचकांपुढें प्रश्न टाकला कीं, अशा स्थितींत पत्नीनें पतीस सांगावें कीं गप्प राहावें ? गांवोगांवच्या वाचकांचीं उत्तरें आलीं आणि छापलीं गेलीं. बहुतेकांचें मत, तिनें सांगावयास नको होतें, असें पडलें. कित्येकांनीं, कोणतीहि स्त्री असें करणार नाहीं, म्हणून कथाच खोटी ठरविली. फाँतनेल ह्या तरुण लेखकानें मात्र त्याच नियतकालिकांत त्या कबुलीची तारीफ केली. आतां पाहा : त्या प्रसंगांतील खरा योगायोग म्हणजे त्या पुरुषाचें नेमक्या वेळीं तेथें लपून असणें. व्हालँकूर ह्या टीकाकारानें त्यावर बोट ठेवलेंहि होतें. पण वाचकांपुढें प्रश्न आला तो लपून ऐकण्याचा नव्हे, सांगण्याचा. आणि वाद पेटला तोहि त्यावरच. पत्रें लिहिणारा प्रत्येक पतिपत्नी आपल्या संसाराविषयीं लिहीत होता, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

ह्या दोन उदाहरणांवरून एक गोष्ट ध्यानांत येते. योगायोग हा दैवाचा असतो. दैवाशीं प्रेक्षकाचें भांडण नसतें. वर्तन हें माणसाचें असतें, आणि माणसास जाब विचारतां येतो. म्हणूनच हजार योगायोग गिळणारा प्रेक्षक एका न लिहिलेल्या चिठ्ठीवर अडून बसतो.

परंतु हीं दोन्ही उदाहरणें गंभीर कथांचीं झालीं. ज्या कथेचा धंदाच हसविण्याचा, तिच्यांत काय होतें ? त्यासाठीं आपणांस फार दूर जावयास नको. महाराष्ट्राच्या रंगभूमीवर ह्याचा नमुना शंभरांहून अधिक वर्षें नांदत आहे. गोविंद बल्लाळ देवल ह्यांचें ‘संशयकल्लोळ’ हें तें नाटक. आधीं गद्यरूपानें लिहिलेलें हें नाटक १९१६ सालीं संगीत होऊन गंधर्व नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणलें. त्याचें मूळ आर्थर मर्फी ह्या आयरिश नाटककाराच्या १७६१ सालच्या प्रहसनांत, आणि त्याचेंहि मूळ मोलिएरच्या १६६० सालच्या ‘स्गानारेल’मध्यें आहे. तीन भाषा आणि अडीचशें वर्षें ओलांडून आलेल्या ह्या कथेचा खिळा एकच : प्रेयसीच्या हातून प्रियकराची तसबीर पडते, ती भलत्याच स्त्रीच्या हातीं लागते, आणि तिच्या नवऱ्याच्या मनांत संशय शिरतो. रेवती, अश्विनशेट, कृत्तिका आणि फाल्गुनराव ह्यांपैकीं कोणीहि एकानें ‘ही तसबीर कोठून आली ?’ हा साधा प्रश्न शांतपणें विचारून उत्तर ऐकून घेतलें असतें, तर नाटक पहिल्याच अंकांत आटोपलें असतें. मोलिएरला हें पुरतें ठाऊक होतें. त्याच्या नाटकाच्या अखेरीस नायिकेची दासीच पुढें होते, प्रत्येकास एकेक प्रश्न करते, आणि घटकाभरांत सर्व गुंता उकलून दाखविते. जणू लेखकच प्रेक्षकांस सांगतो कीं, हें इतकें सोपें होतें. पण ह्या माणसांस तें साधलें नाहीं!

तरीहि फाल्गुनरावाचें वागणें अशक्य आहे, असा आक्षेप मराठी प्रेक्षकानें कधीं मनावर घेतला नाहीं. कारण फाल्गुनराव हा संशयी आहे. आणि संशयी माणूस प्रश्न विचारील, पण उत्तर ऐकणार नाहीं. येथें गैरसमज हा माणसावर बाहेरून लादलेला नाहीं. तो त्याच्या स्वभावांतूनच उगवला आहे. एखादा शांत, समंजस नायक घेऊन त्याच्याकडून हाच घोटाळा करविला असता, तर तींच तसबीर आणि तोच प्रसंग प्रेक्षकांनीं हुसकावून लावला असता. तेव्हां प्रहसनांतला नियम असा दिसतो : एका शब्दानें सुटेल अशी गांठ खुशाल मारावी, पण तो शब्द त्या माणसाच्या तोंडून कां निघत नाहीं, ह्याचें कारण त्या माणसांतच असावें.

ह्याच्याहि मागें जाऊन पाहूं. न सांगितलेल्या शब्दाची सर्वांत थोर कथा आपल्याकडेच आहे, ती म्हणजे शाकुंतल. महाभारतांतील दुष्यंतास सर्व आठवत असतें. तो लोकापवादास भिऊन जाणूनबुजून शकुंतलेस नाकारतो. कालिदासास असा नायक नको होता. म्हणून त्यानें दुर्वासाचा शाप आणि अंगठी हीं दोन नवीं साधनें कथेंत घातलीं. घटनेच्या दृष्टीनें पाहिलें तर त्यानें सरळ गोष्ट दुर्घट करून टाकली : राजा विसरतो तो शापानें, अंगठी पडते ती तीर्थांत, आणि सांपडते ती माशाच्या पोटांत ! हा सारा खर्च त्यानें कशासाठीं केला ? दुष्यंताचें शील वांचविण्यासाठीं. आणि तरीहि एक प्रश्न उरतोच. अनसूया आणि प्रियंवदा ह्यांनीं शाप ऐकला होता. मग त्यांनीं तो शकुंतलेस कां सांगितला नाहीं? सांगितला असता, तर ती अंगठी जिवापलीकडे जपती. कालिदासानें ह्याचें उत्तर सखींच्याच तोंडीं घातलें आहे : ती स्वभावानें कोमल आहे, हें तिला सोसणार नाहीं. निरोपाच्या वेळीं त्या एवढेंच सुचवितात कीं, राजानें ओळखण्यास विलंब लाविला तर ही अंगठी दाखव. आणि शकुंतला दचकली, तेव्हां त्या तिची समजूत घालतात. शाप हा दैवाचा. त्याबद्दल कोणी कवीस जाब विचारीत नाहीं. मौन हें सखींचें. त्याचें कारण त्यांच्या मायेंत सांपडतें, म्हणून तेंहि पटतें. पटतें, पण बोंचतें; आणि तें बोंचावें अशीच कवीची इच्छा असली पाहिजे.

आतां ह्या शिदोरीनिशीं त्या अमेरिकन खोलीकडे परत येऊं. पीटरनें चिठ्ठी कां ठेवली नाहीं, ह्याचें उत्तर बोलपटांत आहे काय ? माझ्या मतें आहे. तें फक्त शब्दांनीं दिलेलें नाहीं. हा मनुष्य बसमध्यें चढल्यापासून प्रत्येक गोष्ट आपणांस कळते अशा ऐटींत वागत आला आहे. दुसऱ्याच्या पैशास हात लावावयाचा नाहीं, आणि आपली नड कोणास दिसूं द्यावयाची नाहीं, हा त्याचा बाणा. शेवटीं एलीच्या बापाकडे जाऊन तो मागतो काय ? दहा हजारांचें बक्षीस नव्हे. प्रवासांत स्वतःच्या पदरचे खर्च झालेले ३९ डॉलर ६० सेंट! अशा माणसानें ‘पैसे आणावयास जातों, मग मागणी घालीन’ असें चिठ्ठींत लिहावें कसें ? जें झांकण्यासाठीं तो रात्रीं चोरासारखा निघाला, तेंच त्याला लिहावें लागलें असतें. आणि एलीनें तो पळाला असें इतक्या चटकन कां मानलें ? कारण कांहीं तासांपूर्वींच तिनें मन उघडें केलें होतें, आणि त्यानें तिला परत जा म्हणून सांगितलें होतें. तिच्या दृष्टीनें रिकामा बिछाना हेंच त्याचें उत्तर होतें. गैरसमजाचीं दोन्ही टोंकें अशीं दोघांच्या स्वभावांत घट्ट बांधलेलीं आहेत. तोच एलीचा त्या रात्रींचा हट्ट ! तीन तासांवर आलेलें शहर सोडून मुक्काम करणें हें व्यवहारतः वेडेपणाचें. पण प्रवास संपूं नये असें जिला वाटतें, तिनें दुसरें काय करावें?

ही बांधणी आपोआप झालेली नाहीं. कथेचें मूळ सॅम्युएल हॉप्किन्स अॅडॅम्स ह्यांची ‘नाइट बस’ ही १९३३ सालीं मासिकांत आलेली गोष्ट. दिग्दर्शक फ्रँक काप्रा ह्यांनीं १९७१ सालच्या आपल्या आत्मचरित्रांत सांगितलें आहे कीं, पहिल्या खर्ड्यांतील नायकनायिकांविषयीं कोणास आपुलकी वाटेना, तेव्हां माइल्स कॉनली ह्या त्यांच्या लेखक मित्रानें दुरुस्ती सुचविली. ती प्रसंगांची नव्हती, माणसांची होती : नायक रोजच्या ओळखीचा, कणखर बातमीदार करा, आणि नायिका निव्वळ उर्मट न ठेवतां, श्रीमंतीला विटलेली दाखवा. रॉबर्ट रिस्किन ह्यांनीं पटकथा त्याप्रमाणें सुधारली. थोड्या खर्चांत, चारएक आठवड्यांत चित्रित झालेल्या ह्या बोलपटाकडून कोणाची फारशी अपेक्षा नव्हती. पण १९३४ च्या फेब्रुवारींत तो बाहेर पडल्यावर गांवोगांवच्या लोकांनीं तो पुनःपुन्हां पाहिला, आणि पुढल्या वर्षीं उत्कृष्ट चित्र, दिग्दर्शक, नट, नटी व पटकथा हीं पांचहि प्रमुख ऑस्कर पारितोषिकें त्याला मिळालीं. संविधानक पटवावयाचें तर घड्याळ दुरुस्त करून भागत नाहीं, माणूस दुरुस्त करावा लागतो, हा ह्या हकीकतीचा अर्थ होय.

आपल्याकडे ह्याच कथेवरून १९५६ सालीं ‘चोरी चोरी’ आणि १९९१ सालीं ‘दिल है कि मानता नहीं’ हे हिंदी चित्रपट निघाले, आणि दोन्ही लोकप्रिय झाले. देश बदलला, गाणीं आलीं. पण पळालेली श्रीमंत मुलगी, बसचा प्रवास आणि बातमीदार नायक हा सांगाडा टिकला. त्यानंतर मात्र प्रत्येकाच्या खिशांत फोन आला, आणि प्रेमकथा लिहिणारांची मोठीच पंचाईत झाली. ‘चिठ्ठी कां नाहीं ?’ ह्या जागीं ‘फोन कां केला नाहीं ?’ हा प्रश्न आला. मग फोन पाण्यांत पडूं लागले, त्यांतली वीज संपूं लागली, डोंगरांत संदेश पोंचेनासे झाले. अशा युक्तीवर प्रेक्षक नाक मुरडतो तें योग्यच आहे. कारण बिघडलेला फोन हा दैवाचाहि नव्हे आणि माणसाचाहि नव्हे, तो केवळ लेखकाच्या सोयीचा आहे. पात्रें मूर्ख असल्यावांचून जें पुढें सरकूं शकत नाहीं, अशा संविधानकास अमेरिकन समीक्षेंत ‘मूर्खांचें संविधानक’ अशा अर्थाची एक संज्ञा आहे. विज्ञानकथांच्या समीक्षकांनीं विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकांत ती वापरली, आणि पुढें रॉजर ईबर्ट ह्या चित्रपटसमीक्षकानें ती सर्वतोमुखी केली. संज्ञा उपयुक्त आहे. पण तिचा वापर बेतानें करावा. भित्रेपणा, अभिमान, लाज आणि संशय ह्यांमुळें जो बोलत नाहीं, त्यास मूर्ख म्हणून सोडून दिलें, तर प्रेमकथेच्या वाट्यास फारसें कांहीं उरणार नाहीं. अशा माणसाजवळ फोन असला तरी तो हातांत धरून रात्रभर बसून राहील. आणि तें पाहणारास पटेलहि.

हें सर्व मीं त्या रात्रीं आमच्या मंडळींपुढें जमेल तसें मांडलें. वकीलसाहेबांनीं तें मान्य केलें; मुलीनें मात्र केलें नाहीं. ती म्हणाली, “त्याला अभिमान होता, तें कळलें मला. पण पहाटे रस्त्यावर कोण आलें ? तो कीं ती ?” ह्यावर मजपाशीं उत्तर नव्हतें, आणि आजहि नाहीं. एका बिनपैशाच्या मुलीस परक्या ठिकाणीं झोंपलेली टाकून जातांना तिच्यावर काय ओढवेल, ह्याचा विचार पीटरला शिवलाहि नाहीं, हें खरेंच आहे. पण मग लक्षांत आलें कीं, हा आक्षेप संविधानकावर नाहींच. तो पीटरवर आहे. ‘गोष्ट जुळत नाहीं’ असें म्हणून ती मुलगी ‘तो चुकला’ असें म्हणत होती. शिमेनवर रागावलेल्या अकादमीनें आणि ‘मर्क्यूर गालाँ’च्या वाचकांनीं हेंच केलें होतें, फरक एवढाच कीं, त्या काळीं जाब बहुशः स्त्रीस विचारला जाई, आणि आमच्या दिवाणखान्यांत तो पुरुषास विचारला गेला.

इतका वेळ स्वस्थ बसलेल्या आजीबाई उठतां उठतां म्हणाल्या, “आमच्या वेळीं पुरुषमाणसें कुठें जातों तें सांगून जात नसत. मला काहीं तो खोटा वाटला नाहीं हो.” नात कांहीं बोलली नाहीं, तिनें आजींचा हात धरून त्यांना आंत नेलें.

पटणें म्हणजे काय, हें मला त्या दोन वाक्यांनीं शिकविलें. आजींनीं जसें वागणें आयुष्यभर पाहिलें, तसें पडद्यावर दिसलें. म्हणून तें त्यांस खरें वाटलें. नातीस तसें वागणें सोसावयाचें नाहीं, म्हणून तिला तें खोटें वाटलें. बोलपट एकच, संविधानक एकच. बदललें तें माणसांनीं एकमेकांकडून काय अपेक्षावें ह्याविषयींचें मत. इतिहास लिहिणारे लढायांचीं आणि तहांचीं कागदपत्रें जपून ठेवतात, तें योग्यच आहे. पण एखाद्या पिढीनें प्रेमांत काय क्षम्य मानलें आणि काय अक्षम्य, हें पाहावयाचें असेल, तर तिच्या हलक्या प्रेमकथांवर तिनें काय काय आक्षेप घेतले, तेंहि टिपून ठेवावें. सुमारें साडेतीनशें वर्षांपूर्वींच्या त्या फ्रेंच वाचकांचीं पत्रें छापून राहिलीं, म्हणून त्यांचे संसार आज आपणांस थोडेसे दिसतात. आमच्या घरांतून होणारे असे वाद चहाच्या पेल्यांबरोबर उचलले जातात. म्हणून हा एक येथें नोंदवून ठेविला आहे.